खोलीपुरता रंग

॥ श्री मन्मथस्वामी प्रसन्न ॥

चौसाळा,
१० डिसेंबर २०२४

चि. योगीराजास आईचे अ. उ. आशीर्वाद.

फोन लागला तरी तुझं अर्धं बोलणं वाऱ्यातच जातं, म्हणून पत्र. आम्ही खुशाल आहोत. यंदा इकडे लई थंडी पडलीय. बर्फात राहणाऱ्याला आमच्या थंडीचं हसू येईल, हस खुशाल.

दिवाळीला घर रंगवलं. फिकट पिस्ता रंग, घरात उजेड आल्यासारखा वाटतो. राहिली ती फक्त तुझी खोली. बद्रीनाथ पेंटर ब्रश घेऊन दारात उभा होता, तर तुझ्या अप्पांनी ती राहू दे म्हणून सांगितलं. काहून ते विचारलं, तर चपला घालून दुकानात निघून गेले. तू दुकान सोडून फौजेत गेलास तेव्हापासून ह्यांचं असंच चाललंय. चार वर्षं बापलेकांनी एकमेकांशी बोलू नये, ह्याचं मला फार वाईट वाटतं रे.

खोलीपुरता रंग उरलाय, भिंतीचा अन् दाराचाही. थंडीत रंग नासतो असं तू मागे म्हणाला होतास, म्हणून सगळे डबे गोधडीत गुंडाळून न्हाणीत बंबाशेजारी ठेवलेत. बरोबर केलं ना? कानटोपी घालत जा.

तुझी,
आई

लडाख,
२४ डिसेंबर २०२४

ती. सौ. आईस योगीराजचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मला इथल्या बर्फात घाम फुटला! आई, डबे आधी बंबाजवळून हलव. दारांचा ऑइलपेंट आणि टर्पेंटाइन एका ठिणगीने पेट घेतात. रंग गोठतो तो इकडे. भिंतीचा पाण्याचा रंग एकदा गोठला की नासलेल्या दुधासारखा फुटतो. चौसाळ्यात कधी पाणी गोठलंय का? तिथे रंगाला ऊब नको, झाकण घट्ट पाहिजे. काठावरचा रंग पुसून घे, मध्ये प्लॅस्टिकचा कागद घाल आणि झाकण ठोकून बसव. मग जिन्याखाली, ओल नसेल तिथे, फळीवर ठेव. भिंतीचा कुठला, दाराचा कुठला, ते झाकणावर लिही.

खरं सांगू? ठेवूच नकोस. अप्पांना माझी खोली रंगवायची नसेल तर रंग शाळेला देऊन टाक आणि खोलीत तुरीची पोती भरा. उन्हाळ्यात सुट्टी आहे, पण घरी येईन असं वाटत नाही. रागाने लिहीत नाही, मनाला लागलं एवढंच.

तुझी माया अशीच असू दे.

तुझा,
योगीराज

चौसाळा,
८ जानेवारी २०२५

चि. योगीराजास आईचे अ. उ. आशीर्वाद.

डबे हलवले. माझी अक्कल बंबात गेली होती म्हण. पत्र ह्यांनी वाचलं, नको नको म्हणत दोनदा वाचलं. झाकण ठोकायला मी बत्ता घेतला तर तोही काढून घेतला आणि स्वतःच ठोकत बसले.

झाकणावर भिंत की दार ते लिहायचं होतं ना? ह्यांनी सगळ्या डब्यांवर ‘योगीराज’ लिहून ठेवलंय! गिऱ्हाइकासाठी बाजूला काढलेल्या मालावर त्याचं नाव टाकायची दुकानातली सवय. आता दाराचा रंग कुठला ते झाकण उघडल्याशिवाय कळायचं न्हाई. शाळेला देऊ म्हटलं, तर माझ्यावरच खेकसले की दुसऱ्याचा माल आपण कोण देणार.

ह्यांनीही लिहायला घेतलंय. मला दाखवत नाहीत. ह्याच पाकिटात घालते.

तुझी,
आई

चौसाळा,
८ जानेवारी २०२५

चि. योगीराज यास अ. आ.

पत्र लिहायची सवय नाही, चुकलं तर समजून घे.

घराचा रंग मी ठरवला. पण खोली तुझी आहे. तुला विचारल्याशिवाय ती कशी रंगवायची, म्हणून बद्रीनाथला थांबवलं. विचारायला फोन हातात घेत होतो आणि नंबर न लावताच ठेवून देत होतो. दुकानात तू बसायचं हे मी एकट्यानेच ठरवलं होतं, त्याचं काय झालं ते आपण दोघांनी पाहिलं. आता विचारतो. पिस्ता रंग चालेल का? आवडत नसेल तर हा शाळेला देऊ आणि तू म्हणशील तो आणू. पोती तिथे कोणी ठेवणार नाही. सुट्टीत घरी ये. तुझ्यावाचून करमत नाही.

वडिलांनी मुलाला लिहायचं नसतं, तरी लिहितो, लोभ असू दे.

तुझा,
अप्पा

ता. क. उत्तर आईच्या नावाने नको. माझ्या नावाने पाठव.