अठराच सांग

दादा,

ड्यूटीवर निघाले. आज व्हेंटिलेटरवर तिघं आहेत, फोन उचलणं जमणार नाही. बाबांच्या ऑक्सिजन मशीनच्या बाटलीत उकळून गार केलेलं पाणी भर. कालच्यासारखं नळाचं ओतलंस तर माझ्याशी गाठ आहे!

मिनिटाला श्वास किती, असं ते विचारतील. अठरा सांग. आठवडाभर मी तेच सांगतेय. आज सकाळी चौतीस मोजले. दवाखान्यात लोकांना तोंडावर खरं सांगते, घरी जीभच रेटत नाही.

आणि उशीखालचं त्यांचं घड्याळ हलवू नकोस. मघाशी दारातून पाहिलं, घड्याळ हातात, नजर सेकंदकाट्यावर होती आणि ओठ आकडे मोजत होते. तरी मी अठरा म्हटल्यावर हसून म्हणाले, "वा, अगदी नॉर्मल आहे की!"

– छोटी