निहारच्या गाडीचे पाटे

हॅनोव्हर,
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

तीर्थस्वरूप राजाभाऊकाका,

यशोधनचा साष्टांग नमस्कार, वासंतीकाकूंनाही. तुमच्या गोळ्या वेळेवर चालू असतील अशी आशा आहे. मी ठीक आहे. इथे थंडी पडली, घड्याळं तासभर मागे गेली, ऑफिसातून निघतो तेव्हा काळोख असतो. दिवाळीला मी काही केलं नाही. तुमच्याकडेही यंदा नव्हतीच.

तुम्ही फोनवर येत नाही. काकू म्हणतात, "ते देवळात गेलेत." दर रविवारी फोन करतो आणि दर रविवारी तुम्ही देवळात. काका, तुम्ही देवळाची पायरी कधी चढता हे मला निहारबरोबर कॉलेजात असल्यापासून माहीत आहे. आणि असलं खोटं कसं बोलतात, हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार? म्हणून पत्र.

आधी कामाचं. निहारची मस्टँग त्याच्या नावावर होती. इथल्या कायद्याने ती आता तुमची आणि काकूंची. सोबत एक कागद जोडला आहे. विकायची असेल तर त्यावर दोघांच्या सह्या लागतील. ठेवायची असेल तर माझ्या गॅरेजात जागा आहे, ती राहील. विकायची झाली तर घेणारा विचारणार, खाली काय काय काम केलंय. ट्यूफच्या, म्हणजे गाडी तपासणाऱ्यांच्या कागदावर ते सगळं जर्मनमध्ये नोंदलेलं आहे. पण सगळी हयात कराडच्या हायवेवर ट्रकचे पाटे ठोकण्यात गेलेल्या माणसाला ते मराठीतच सांगायला हवं.

गाडी १९६७ची. आणली तेव्हा मागून पार बसलेली. पुढे स्प्रिंगा, मागे पाटे, एकावर एक चार-चार पोलादी पानांचे, पानं गंजून एकमेकांना चिकटलेली. खड्डा आला की पाटा वाकायचाच नाही, सगळी गाडीच आपटायची. अशा गाड्यांसाठी तयार किट मिळतं, पण ते आम्हाला झेपणारं नव्हतं. मग निहारने वहीत यादी केली आणि स्वस्तातलं आधी, महागातलं शेवटी, असं आम्ही सुरू केलं. आधी सगळीकडचे रबरी बुश बदलले. हौशी लोक कडक प्लास्टिकचे घालतात, आम्ही साधे मऊ रबराचे घातले. शॉकॅब्सॉर्बर नवे, पण सगळ्यात नरम. टायर दिसायला बेंगरूळ, जाड भिंतीचे. शेवटी मागचे पाटे, ते तुमच्या सांगण्याबरहुकूम.

घेणारा विचारेल, हे असं उलटं का? अशी गाडी लोक ताठ करतात, खाली बसवतात, वळणावर चिकटून धावावी म्हणून. ट्यूफच्या माणसाने बंपर दोनदा दाबून बघितला आणि म्हणाला, "हा तर सोफा झाला!" मी कंपनीत दिवसभर हेच काम करतो, त्यामुळे चूक झाली म्हणायलाही जागा नाही. कारण कागदावर नाही.

ते सांगायचं म्हणून आठवडाभर या पत्राभोवती घिरट्या घालतोय.

निहारच्या दहाव्याला प्रीतिसंगमावर तुम्ही मला एकच प्रश्न विचारलात, "किती दिवस माहीत होतं?" मी म्हणालो, "एप्रिलपासून." त्यानंतर तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. विचारलं असतंत तर पुढचं सांगितलं असतं. नाही, हेही खोटं. नसतं सांगितलं.

एप्रिलमध्ये कळलं तेव्हा कॅन्सर त्याच्या मणक्यात उतरला होता. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, बरं होणार नाही, पण महिने मिळतील. खोलीबाहेर आल्यावर तो पहिलं वाक्य बोलला ते असं, "बाबांच्या बायपासला सहा महिने झालेत. त्यांना कळता कामा नये. शपथ घे." मी घेतली. आपल्याकडे हे प्रेमच समजतात. आईवडिलांना काळजी नको म्हणून लपवायचं, आणि त्यांनीही आपल्याला काळजी नको म्हणून लपवायचं. तुमची बायपास झालेली आम्हाला तरी कधी कळली? तुम्ही घरी आल्यावर.

मेमध्ये तो म्हणाला, चल, गाडी काढ. इथल्या लिंडेन भागातल्या दगडी रस्त्यावर मी ती वळवली आणि पहिल्याच धक्क्याला तो असा ओरडला की मी भररस्त्यात गाडी थांबवली. मागचे लोक हॉर्न वाजवत होते. तो घामाने भिजला होता. घरी येऊन म्हणाला, "या गाडीतून मला एकदा नीट फिरायचंय. तू सस्पेन्शनवाला ना? मग कर काहीतरी." पगार थांबून त्याला आजारपणाचे थोडे पैसे मिळत होते, आणि माझ्याकडून तो दमडी घेईना. म्हणून ती वही, म्हणून ते थोडं थोडं.

काका, ती गाडी आम्ही त्याच्या पाठीसाठी मऊ करत होतो.

आता तुम्हाला ते व्हिडिओ कॉल आठवतील. तुम्ही म्हणायचात, "आरं, तोंड दाखव की लेका!" आणि तो म्हणायचा, "बाबा, आधी पाटे बघा," आणि कॅमेरा पाट्यांवर. तोंड दाखवण्यासारखं राहिलं नव्हतं. तुम्ही विचारलंत, आवाज का बारीक येतोय, तर तो म्हणाला, गॅरेजमध्ये घुमतो. तुम्ही म्हणालात, "एक पान वाढवा, गाडी कशी ताठ उभी राहील." तो म्हणाला, "नको बाबा, मऊ पाहिजे." त्यावर तुम्ही हसून म्हणालात, "तरण्या पोरानं मऊ गाडी मागावी व्हय रं? म्हातारा झालास का?"

हे वाक्य तुम्हाला आता टोचत असेल, म्हणून मुद्दाम लिहितो. तो त्यावर खूप हसला. फोन ठेवल्यावरही हसत होता. त्या महिन्यात तो तेवढाच हसला.

आणि मग तुम्ही सांगितलंत. पाटे सोडवा, गंज घासा, बसलेली कमान भट्टीवर परत भरून घ्या. चारातलं एक पान काढा. उरलेल्यांच्या कडा गोल करा, दोन पानांमध्ये नायलॉनची पट्टी घाला, म्हणजे पान पानावर सरकेल आणि पाटा 'बोलणार' नाही, कुरकुरणार नाही. शिवाय बजावलंत, काढलेलं पान फेकायचं नाही, तारेने बांधून डिकीत ठेवायचं, ते गाडीचं असतं. शहराबाहेर बग्ग्यांच्या स्प्रिंगा करणारा एक म्हातारा लोहार सापडला, त्याने कमान भरून दिली. कडा मात्र निहारने स्वतः घासल्या, खुर्चीवर बसून, दहा मिनिटं काम आणि तासभर झोप, असं करत. मी करतो म्हटलं की चिडायचा. "बाबांचं काम आहे, तू मध्ये पडू नको."

शुक्रवारी ट्यूफ झालं. रविवारी, १७ ऑगस्टला, मी त्याला पाठीमागे दोन उशा देऊन पुढे बसवलं. लिंडेनचा तोच दगडी रस्ता घेतला. मला नको होता, त्याने लावला घ्यायला. मी जीव मुठीत धरून चालवत होतो. रस्ता संपला. मग म्हणाला, "परत घे." तीनदा आम्ही तो रस्ता केला, काका. नंतर तळ्याकाठी गाडी लावून बसलो. तो म्हणाला, "बाबांचे पाटे. एकदाही बोलले नाहीत." थोड्या वेळाने म्हणाला, "तुझी शपथ सुटली. आता बाबांना सांग. मला त्यांच्याशी बोलायचंय, पण आधी तू सांग, माझ्याच्याने होणार नाही."

हे तुम्हाला मी सांगितलं नव्हतं. तुम्ही समजताय की त्याने शेवटपर्यंत लपवायला लावलं. त्याने नाही. रविवारपासून पुढे लपवलं ते मी.

रविवारी वाटलं, आता तुमच्याकडे रात्र झाली असेल, तुमचं हृदय, सकाळी बघू. सकाळी वाटलं, चार महिने खोटं बोललो, आता सुरुवात कुठून करू? वाक्य जुळवत स्वयंपाकघरात उभा होतो, तेवढ्यात तुमचाच फोन आला. तुम्ही विचारलंत, "काय रं, पाटे बोलत्यात का अजून?" मी म्हणालो, "नाही काका, एकदम गप्प." तुम्ही खूश झालात. मग विचारलंत, "निहार कुठाय?"

मी म्हणालो, मीटिंगमध्ये आहे.

तो शेजारच्या खोलीत जागा होता. माझ्यापासून दहा पावलांवर. तोंडातून निघून गेलं, काका, सवयीने. फोन ठेवून आत गेलो तर त्याने विचारलं, "बाबा होते?" आणि मी म्हणालो, "ऑफिसचा फोन होता." त्याने माझ्याकडे बघितलं. त्याला कळलं असणार. तो डोळे मिटून पडला. मंगळवारी तो फारसा शुद्धीत नव्हता. बुधवारी पहाटे गेला.

तुम्हाला इथे पोचता आलं नसतं. व्हिसाला आठवडे लागतात, हे मी स्वतःला शंभरदा सांगितलंय. पण आवाज पोचला असता. तुमचा त्याला आणि त्याचा तुम्हाला. तो माझ्या हातात होता आणि मी दिला नाही.

क्षमा मागत नाही. ती मागायला तोंड लागतं. फक्त सही करायच्या आधी हे तुम्हाला माहीत असावं. आणि एवढंही असावं की तीन वेळा दगडी रस्त्यावरून तुमच्या मुलाला तुम्ही नेलंत, आणि त्याला दुखलं नाही.

काढलेली दोन पानं, डाव्या बाजूचं आणि उजव्या बाजूचं, तुम्ही सांगितलं तशी तारेने बांधलेली आहेत. डिसेंबरच्या २०ला मी ती घेऊन तुमच्या वर्कशॉपच्या दारात येतोय. आत घ्यायचं नसलं तर मला घेऊ नका, पानं घ्या. आणि तेव्हा काकूंना पुढे पाठवू नका. तुम्हीच बाहेर या आणि जे बोलायचं ते मला तोंडावर बोला.

तुम्ही मला 'धाकटा' म्हणायचात. आजवर प्रत्येक पत्राखाली मी तेच लिहीत आलो. आज नुसतं नाव लिहितो, बाकीचं तुमच्या हातात आहे.

यशोधन