मामांना, चिकटणाऱ्या चावीबद्दल

ती. मामा,

१. मी सॅक्सोफोन घेतला. आल्टो, शिकाऊ प्रतीचा, वापरलेला.
२. दुकानात तो तपासताना थोडी गर्दी जमली.
३. माउथपीस उकळत्या पाण्याने धुतला. घरात सडक्या अंड्यांचा वास सुटला. आईने चांगली अंडी फेकून दिली.
४. शिकवणी लावली.
५. बाईंसमोर तुमची रविवारची चाल वाजवली. बाई म्हणाल्या, चुकली. दुरुस्त करून घरी वाजवली. आई म्हणाली, चुकली.
६. तेव्हापासून घरात रोज तुमचा विषय निघतो.

आता नमस्कार. आईने वरचा मजकूर माझ्या खांद्यावरून वाचला आणि म्हणाली, मोठ्या माणसाला पत्र असं लिहीत नाहीत, हा मशिन बंद पडल्याचा अहवाल झाला. म्हणून आता रीतसर विचारते. तुमची प्रकृती कशी आहे? गुडघा काय म्हणतो? खोकला गेला का? आमच्याकडे सगळं ठीक आहे. आईचा रक्तदाब मर्यादेत आहे (मी स्वतः मोजते; घरातलं यंत्र थोडं जास्त दाखवतं, पण हे मी तिला सांगितलेलं नाही, कारण त्या धाकाने ती मीठ कमी खाते). तुमची पत्रं वेळेवर पोचतात. हवा, तब्येत, सही. आई ती वाचते आणि मग कागद उलटून मागची बाजू बघते. मागे काही नसतं. तरी दर वेळी उलटते.

मामी गेल्यावर तुम्ही तुमचा सॅक्सोफोन शाळेला देऊन टाकलात आणि या विषयावर कोणी काही विचारू नये असं लिहिलंत. ते मला मान्य आहे. या पत्रात मी तुमच्या सॅक्सोफोनबद्दल काहीही विचारणार नाही, फक्त माझ्या सॅक्सोफोनबद्दल सांगणार आहे. दोन्ही वाद्यं एकाच जातीची आहेत, हा योगायोग समजावा.

खरेदीपासून सांगते. दुकानदाराने पहिला प्रश्न विचारला, "किती वर्षांचा आहे मुलगा?" मुलगा नाही, मीच आहे, असं सांगितल्यावर त्याने लाल रंगाचा एक सॅक्सोफोन काढला आणि हा लेडीज लोकांत फार चालतो म्हणाला. मी तो बाजूला ठेवला आणि पिशवीतून माझी बारीक दिव्यांची माळ काढली. (तुम्हाला माहीत आहेच, पण आई हे पत्र पुन्हा वाचणार आहे म्हणून लिहिते: सॅक्सोफोनच्या नळीला जागोजागी भोकं असतात आणि प्रत्येक भोकावर चामड्याची गादी बसवलेली एक झाकणी असते. आत दिवा सोडून चाव्या दाबल्या की जिथून उजेड दिसतो तिथून हवाही गळते.) उजेड नीट दिसावा म्हणून मी दुकानदाराला दिवे बंद करायला सांगितले. त्याने केले. तेवढ्यात वीज गेली असं समजून बाहेरची दोन-चार माणसं आत डोकावली आणि अंधारात एक बाई चमकणारं पितळ मांडीवर घेऊन बसलेली पाहून तिथेच थांबली. त्यातल्या एका आजोबांनी मला विचारलं, "पेशंट वाचेल का?" दुकानदार म्हणाला, "ताई, वाजवायचं आहे की पोस्टमॉर्टेम करायचं आहे?" मी म्हटलं, आधी दुसरं. दिवसभर दाबमापकं तपासून ती बरोबर असल्याचा दाखला देणं हे माझं काम आहे. गळणारी वस्तू विकत घेणं मला जमत नाही. शेवटी मी तिथला सगळ्यात कुरूप नग निवडला. त्याच्या खालच्या वळणावर पोचा आहे आणि मुलामा उडालेला आहे, पण उजेड कुठूनही येत नाही. आजोबांनी टाळ्या वाजवल्या.

देखभालीत मी कमी पडेन असं मला वाटलं नव्हतं. माउथपीस काळ्या कडक रबराचा असतो आणि त्या रबरात गंधक असतं, हे मी शिकलेली आहे. उकळतं पाणी पडल्यावर ते गंधक काय करतं, हे मात्र नाकाने शिकावं लागलं. माउथपीस हिरवट पडला. आईला वास अंड्यांचा वाटला, तिने अंडी टाकली. तरीही वास जाईना, तेव्हा तिने फ्रिज पुसला, मग मोरी धुतली, आणि शेवटी शेजारच्या काकूंकडे संशयाने बघायला लागली. तोपर्यंत मी काही बोलले नव्हते. मग रीडचं प्रकरण झालं. ती वेताची पातळ पट्टी वाजवण्याआधी तोंडात धरून ओली करावी लागते. मी ती ओली करत असतानाच साहेबांचा फोन आला. मी पट्टी न काढताच हो-नाही करत राहिले. दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला बाजूला घेऊन, आवाज न चढवता, दाढदुखीची रजा घ्यायला सांगितली. मी घेतली. दिवसभर स्वरांचा सराव केला, काकूंनी दिवसभर खिडक्या लावून घेतल्या, आणि अंड्यांचा हिशेब त्यांच्या बाजूने चुकता झाला.

पण रोजची सफाई मात्र मी पहिल्या दिवसापासून बरोबर करते. ती मला कोणी शिकवलेली नाही, आपोआप येते. जमिनीवर वर्तमानपत्र पसरायचं, वरची वाकडी मान आधी काढायची, दोरी लावलेलं फडकं रुंद तोंडातून आत सोडायचं आणि दुसरीकडून ओढायचं. तुमचं फडकं जुन्या उशीच्या अभ्र्याचं होतं, त्यावर निळी फुलं होती. ओढायचं काम माझ्याकडे असायचं. दोरी वळणात अडली की तुम्ही वाद्य थोडं हलवायचात, फुलं चुरगळून बाहेर यायची, आणि दर वेळी मला वाटायचं की तुम्हीच ती आत कुठे तरी फुलवता. एकदा मी नळी सरळ केली तर किती लांब होईल ते सुतळी लावून मोजलं, आणि त्या दिवसापासून तुम्ही मला फूटपट्टी म्हणायला लागलात. वाद्याच्या पेटीच्या निळ्या मखमलीला एक वास होता, थोडा तेलाचा, थोडा बंद कपाटाचा. माझ्या पेटीला तो नाही. तिला दुकानाचा वास आहे. मी थांबायला तयार आहे.

आता मुख्य मुद्दा. शिकवणीच्या बाई (शाळेच्या बँडमधून निवृत्त, ओठ कायम मिटलेले, कौतुक करताना फक्त डोळे बारीक करतात) म्हणाल्या, येतं ते वाजव. मला येते ती एकच चाल, तुमची. दर रविवारी स्वयंपाक होईपर्यंत तुम्ही बाहेरच्या खोलीत वाजवायचात ती. मी ती वाजवली, आणि तिसऱ्या ओळीत थांबायचं तिथे थांबले. बाईंनी विचारलं, का थांबलीस? मी म्हटलं, इथे थांबायचं असतं. कोणी सांगितलं? मामांनी. मामांनी सांगितलं की मामा थांबायचे? बाईंनी माझ्या हातातून वाद्य घेतलं, ती ओळ सलग वाजवली, आणि मी ज्या जागी श्वास घेत होते तिथे एक सूर निघाला. जी शार्प. चाल तिथून उतरत होती, आणि त्या पायरीवाचून मी इतकी वर्षं गुणगुणताना उडी मारत होते.

कारण शोधायला वेळ लागला नाही. डाव्या करंगळीने दाबायची ती चावी सगळ्याच सॅक्सोफोनांत चिकटते. तिची झाकणी बहुतेक वेळ मिटलेली असते, गादीवर ओल धरते, आणि उघडायला स्प्रिंग फार हलका असतो. तुमची चिकटायची. सूर निघायचा नाही, तुम्ही तेवढी जागा मोकळी सोडून पुढे जायचात, आणि बरोबर त्या जागी स्वयंपाकघरातून मामी पळीने झाकणावर एक ठोका द्यायची. टण. मग तुम्ही पुढची ओळ उचलायचात. आम्हा मुलांना चाल अशीच असते असं वाटत होतं. माझी मैत्रीण एकदा जेवायला आली होती, तिने विचारलं होतं की आतलं ते वाद्य कोण वाजवतं. मामी म्हणाली होती, "मी. बाहेरचा माझा साथीदार."

घरी येऊन मी जी शार्पसह वाजवली. आई आतून आली आणि म्हणाली, "चुकलीस." मी म्हटलं, आई, सूर बरोबर आहे, तपासून घेतलाय. ती म्हणाली, "असेल. चुकलीस."

माझी तांत्रिक अडचण अशी आहे. ही चावी दुरुस्त करायला पातळ कागदाचा एक कपटा लागतो. गादीखाली धरायचा, हलकेच दाबायचं, ओढून घ्यायचा. चहा गार व्हायच्या आत काम संपतं. तुम्ही भर कार्यक्रमात तुटलेला स्प्रिंग रबरबँडने बांधून पुढचं कडवं वाजवलेलं आहे, हे मी पाहिलं आहे. असा माणूस इतके रविवार फडकं आत सोडतो, मखमल झटकतो, स्क्रूला तेल सोडतो आणि नेमकी तीच एक चावी साफ करत नाही, हे मला पटत नाही. मी निष्कर्ष काढलेला आहे. तो लिहीत नाही.

गेल्या आठवड्यात माझी चावीही चिकटली. चाल वाजवत होते आणि तिसऱ्या ओळीत सूर आलाच नाही, मोकळी जागा आपली आपण आली. मी दारातून आत पाहिलं. आई ओट्यापाशी उभी होती, पळी हातात, समोर झाकण. तिने मारलं नाही. मी वाजवायची थांबले तर म्हणाली, "तो मान वहिनीचा." मग पळी धुतली. ती स्वच्छच होती.

कपटा कापून ठेवला आहे. वापरलेला नाही. चावी साफ करावी की तशीच राहू द्यावी, हे ठरवण्याचा अधिकार माझा नाही, आईचाही नाही. वाद्य माझ्या नावावर असलं तरी.

गुडघ्याला शेक देत जा. काही कमी-जास्त लिहिलं असेल तर माफ करा.

तुमची,
फूटपट्टी

ता. क. माझ्या प्रगतीबद्दल वरच्या मजकुरातून गैरसमज होऊ नये. बाईंनी परवा मला तालवाद्याचा विचार करायला सांगितलं. त्यांचे डोळे बारीक झालेले नव्हते.

ता. क. २. समोरचे दात बसवलेले असल्यामुळे आता वाजवता येणार नाही असं तुम्ही आईला फोनवर म्हणालात. (मी विचारलेलं नाही, पलीकडच्या खोलीत होते.) मी दातांच्या डॉक्टरांना विचारून आले. ते म्हणाले, येतं; माउथपीसवर मऊ जाड पट्टी चिकटवायची आणि दाताने कमी धरायचं. नवा माउथपीस घेतला आहे, त्यावर पट्टी चिकटवली आहे. मला त्याने वाजवता येत नाही, ओठ पुरत नाहीत. गळ्यातला पट्टाही माझ्या मापाचा नाही, मला तो गुडघ्यापर्यंत येतो. हे दोन्ही मी मोजमापात चूक करून घेतलं असं समजू नये.

ता. क. ३. आई म्हणते, "दादाला ये म्हणून लिहू नकोस, माझ्यासाठी म्हणून तर मुळीच नको." तेव्हा ती बोलावत नाही. मी बोलावते आहे. गच्चीकडची खोली झाडून ठेवली आहे, तिला दार आहे, दाराला आतून कडी आहे, वाजवायची सक्ती नाही. मला स्टेशनवर यायचं तर रजा आधी मागावी लागते, आणि दाढदुखीचं कारण आता संपलं आहे. कोणत्या गाडीने येता, ते पाच तारखेपर्यंत कळवा.