बाबांच्या खिडकीची नवी कडी

भाऊ हातेम,

समुद्राच्या खाऱ्या हवेने बाबांच्या खिडकीची कडी गंजून तुटली होती. काल ते बाहेर वाकून आईला हाका मारत होते. मी मागून त्यांचा लांब झगा, गलबिया, धरला म्हणून ते वाचले. आज मन्शियाच्या बाजारातून कुलपाची कडी आणून बसवली. किल्ली तांदळाच्या डब्यात आहे.

मी स्क्रू पिळत होते तेव्हा ते म्हणाले, "पोरी, खिडकी लावलीस तर तुझी आई आल्याचं मला कळणार कसं?" चार वर्षांपूर्वीच ती गेली, असं आज तिसऱ्यांदा सांगितलं. तिसऱ्यांदाही ते पहिल्यांदाच ऐकल्यासारखे रडले.

तू येईपर्यंत शेजारच्या तहियाकाकू त्यांच्यापाशी बसतील. मी मावशीकडे चाललेय. आता विचारतील तेव्हा तू सांग. माझ्याच्याने पुन्हा सांगवणार नाही.

सौसन