चष्मा वर करायची पद्धत

प्रयोगशाळा, ९ जानेवारी २०२५

ती. श्रीधरकाका यांस,
ऋचाचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं कानाचं यंत्र फोनवर शिट्ट्या मारतं म्हणून पत्र लिहितेय. आणि खरं सांगायचं तर हे फोनवर बोलवलंही नसतं. माझी विद्यार्थिनी चैताली आठवते ना? दिवाळीत येऊन तुमचे अनारसे संपवून गेली ती. सोमवारी लेसर जुळवताना तिच्या उजव्या डोळ्यात किरण गेला. त्या डोळ्याची मधली नजर गेली, ती परत येणार नाही असं डॉक्टर म्हणाले. डावा डोळा झाकला तर समोरच्याचा चेहरा दिसत नाही, कान तेवढे दिसतात म्हणते.

कसं झालं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल. उल्का जळून नव्वद किलोमीटर उंचीवर सोडियमचा जो थर राहतो, तो मोजायला लेसरही नेमका सोडियमच्याच पिवळ्या रंगाचा लागतो. डोळे वाचवायला घालतो तो आपला चष्मा तोच पिवळा रंग अडवतो. चष्मा घातला की ठिपका दिसत नाही, आणि ठिपका दिसल्याशिवाय आरसे जुळत नाहीत. म्हणून चष्मा क्षणभर कपाळावर सरकवायचा. हे मला तुम्ही शिकवलंत, तुमच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी, याच टेबलापाशी. तिला मी शिकवलं.

आता चौकशीत मला लेखी द्यायचं आहे. संचालक म्हणतात, नियम भिंतीवर लावलेला आहे, मुलीने मोडला, एवढंच लिहा. मीच शिकवलं असं लिहिलं तर नोकरी जाईल. काका, मला भीती वाटते आणि लाजही वाटते. वीस तारखेपर्यंत मुदत आहे. चैताली हिंजवडीला घरी गेली आहे; तिला एकदा भेटून या, आणि मी काय लिहू ते कळवा.

लोभ आहेच, तो थोडा वाढवून पाठवा.

तुमची,
ऋचा


नारायण पेठ, पुणे
१४ जानेवारी २०२५

चि. ऋचा हिस,
अ. उ. आ.

हिंजवडीला जाऊन आलो. पोचायला दोन तास लागले. तेवढ्यात माणूस साताऱ्याला जातो. संक्रांत असून तिळगूळ न्यायचं धाडस झालं नाही.

चैतालीचे वडील संभाजी मूळचे वाशीमचे, इथे कंपनीची बस चालवतात. त्यांनी खुर्ची पुसून दिली. तुझा काका आणि प्रयोगशाळेतला जुना मेकॅनिक म्हणून मला सर म्हणत होते. चैतालीने त्यांना सांगून ठेवलंय की चूक तिचीच, मॅडमनी दहा वेळा बजावलं होतं. तुला वाचवायला पोरगी खोटं बोलतेय. संभाजींनी विचारलं, ती मोजत होती ते नेमकं काय. मी म्हणालो, आकाशातून रोज कित्येक टन धूळ येते, वरच्या वर जळते, आणि तिच्यातला धातू तिथेच तरंगत राहतो. त्यावर ते म्हणाले, मग ते मोजायला माझ्या पोरीचा डोळा कशाला लागला. मी चहा पिऊन उठलो.

आता तुला कधीच न सांगितलेलं सांगतो. माझ्या डाव्या डोळ्यात मी सांगत आलो तो मोतीबिंदू नाही. २००९ साली मलाही तोच किरण लागला. सांगितलं असतं तर मला त्या टेबलावरून उठवलं असतं, आणि तो लेसर माझ्याशिवाय कुणाला जुळत नाही याचा मला माज होता. तुला शिकवलं २०१३ साली. माहीत असून शिकवलं.

माझं नाव लिही. पेन्शनरचं कोण काय वाकडं करणार? तुझं मात्र गाळ.

रागावून का होईना, पण लिहीत जा.

तुझा,
श्रीधरकाका


प्रयोगशाळा, १९ जानेवारी २०२५

ती. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र फाडावंसं वाटलं. चार वर्षं तुम्ही एका डोळ्याने पाहत होतात, आणि तरी मला चष्मा वर करायला लावलंत. मी तेवीस वर्षांची होते, काका. तुमचा फार राग आला आहे, आणि स्वतःचाही.

काल मी आपल्या दोघांचीही नावं लिहून दिली. संचालकांनी कागद वाचून बाजूला सारला आणि चैतालीचं पत्र पुढे केलं. चूक आपली आहे असं तिने सही करून आधीच पाठवलंय. त्यावरच चौकशी संपवणार आहेत. नियम मोडणारी, असा शेरा तिच्या नावावर बसेल आणि तिला कुठल्याच प्रयोगशाळेत उभं करणार नाहीत. मी तीनदा फोन केला. पत्र मागे घ्यायला ती तयार नाही. मॅडमना काही होऊ देणार नाही म्हणते.

चौकशी संपेपर्यंत मला इथून हलता येत नाही. तेव्हा तुम्हीच जा. संभाजींना सगळं सांगा, तुमच्या डोळ्यासकट. चहा पिऊन परत येऊ नका.

नमस्कार नेहमीचाच आहे. बाकी काही लिहायला सध्या मन होत नाही.

ऋचा


नारायण पेठ, पुणे
२३ जानेवारी २०२५

चि. ऋचा हिस,
अ. उ. आ.

काल जाऊन सांगितलं, उभ्यानेच. चैताली खूप रडली. मग म्हणाली, पत्र मागे घेते. तेवढं तरी झालं.

 संभाजींनी एकच विचारलं, स्वतःचा डोळा गेल्यावर मी आणखी किती पोरांना हे शिकवलं. असा हिशेब मी कधी केलाच नव्हता. त्यांच्यासमोर बोटांवर मोजायला लागलो, आणि बोटं संपली. तुझ्यासकट अकरा. त्यांनी चैतालीच्या वहीतला कागद फाडून माझ्यापुढे ठेवला आणि नावं लिहायला सांगितली. सर म्हणाले नाहीत.

सातच आठवली. त्यांतला एक नागपूरला शिकवतो, एक जर्मनीत. त्यांच्या हाताखाली आता पोरं असतील, आणि ती चष्मा वर करत असतील. मी आजपासून एकेकाला लिहायला बसतोय.

उरलेली चार नावं प्रयोगशाळेच्या जुन्या नोंदींत तुझ्याकडे असतील. रागावलेलीच राहा, पण पत्ते लगेच पाठव.

श्रीधरकाका