रिकाम्या खुर्चीचा ढिलेपणा

३ मार्च, झूटरमेर
लागली एकदाची नोकरी! या परक्या देशात दोन वर्षं 'अभिजितची बायको' अशी ओळख सांगून तोंड दुखलं होतं. आता म्हाताऱ्यांच्या जिन्यावरच्या मोटरच्या खुर्च्या मी तपासणार. काम सोपं. रिकामी खुर्ची हाताने वर ढकलायची आणि डायल गेजचा काटा किती हलतो ते लिहायचं. तोच खुर्चीचं चाक आणि रूळ यांच्या दात्यांमधला ढिलेपणा. एक मिलिमीटरच्या वर गेला की खुर्ची बंद. कुणी बसलेलं असलं तर वजनाने दाते दबतात आणि काटा जागचा हलत नाही, म्हणून खुर्ची रिकामीच हवी, असं फोरमन हेंकने तीनदा बजावलं. पुण्यात गिअरबॉक्स उघडून बसणारीला हा शिकवतोय!

१० मार्च
रायस्वाइकला मंजूषाकाकूंकडे गेले. एकट्या राहतात, गुडघे गेलेले, झोपायची खोली वर. काटा तीनवर गेला. नवं दातेरी चाक यायला दोन आठवडे. काकू रडकुंडीला आल्या, तोवर वरच अडकून पडू का म्हणाल्या. साबुदाण्याची खिचडी पुढे केली, हात धरला, आपल्या माणसासाठी एवढं चालतं म्हणाल्या. मी खाल्ल्या मिठाला जागले. ०.८ लिहून सही ठोकली.

१४ मार्च
काकू गेल्या. दाते निसटले, खुर्ची त्यांच्यासकट सुसाट खाली. मला आधी काकू आठवल्या नाहीत, तो कागद आठवला. लाज वाटते, पण खरं आहे. म्हातारीने पट्टा लावला नसेल, असं हेंकला सांगितलं. त्याला पटलं.

१७ मार्च
खुर्ची वर्कशॉपमध्ये आली. रुळाच्या सहा फुटी तुकड्यावर चढवली, ढकलली. काटा शून्य. पुन्हा ढकलली. शून्य. दाते तर झिजलेले दिसताहेत. मग खुर्ची रिकामी असताना —

१८ मार्च
शून्यच. हेंक खूश, चूक माझी नव्हती म्हणाला. वाचले! पण गादीत खळगा पडलाय. कुणी बसल्यासारखा.

१९ मार्च, दुपार
वजनाची चाचणी. तपासणाऱ्यानेच बसायचं, असा नियम. बसले. खाली गादी नाही — गुडघे आहेत. पट्टा आपोआप लागला. सुटत नाही. हेंक जेवायला गेलाय. वही खिशात होती म्हणून —

मोटरची वायर काढलेली आहे. तरी वर चाललेय. सहा फूट कधीच संपले —

खाली पंधरा पायऱ्या. इथे जिना नाही —

कानाशी काकू. मायेने म्हणताहेत, आपल्या माणसासाठी एवढं चालतं.

दाते निसटताहेत. एक. दोन. ती —