झाकण उघडायचं नाही

मंगळ. ३ फेब्रु.
तपासणी. बाबा ४४.८ किलो. तोंडाचं रेडिएशन संपून दोन महिने झाले, वजन उतरतंच आहे. डॉक्टर म्हणाले, "चव्वेचाळीसच्या खाली गेलं तर नाकातून नळी घालावी लागेल. १७ ला पाहू." रिक्षा घराजवळ आल्यावर बाबा, "नळी नाई वं लावायची मले."

बुध. ४
मऊ पाहिजे, तिखट नको. यवतमाळच्या माणसाला ही शिक्षाच. ऑफिसातल्या श्वेताने तिचा स्लो कुकर दिला, अमेरिकेहून आणलेला, ट्रान्सफॉर्मरसकट. खोक्यात कागद: इटालियन चिकन स्ट्यू. मंद आचेवर आठ तास. रोजमेरी मागितली तर भाजीवाला म्हणे, "केसांना लावायची असेल तर शेजारी मेडिकलमध्ये मिळेल."

गुरु. ५
लाइट नव्हती. खिचडी. बाबा चार घास.

शुक्र. ६
सकाळी सातला लावला. हाडासकट चिकन, गाजर, सेलरी, लसूण, ऑलिव्ह. टोमॅटो अर्धेच, तोंडाला झोंबतो. बाबांना बजावलं, झाकण उघडायचं नाही, उघडलं की अर्धा तास वाढतो. अकराला फोन. "हे शिजते का नुसतं तापते?" म्हणजे उघडलंच. संध्याकाळी ताट वाढलं. दोन चमचे. "वासानंच पोट भरलं."

रवि. ८
मी घरी होते. आतल्या खोलीतून आवाजावरून मोजलं. बाबांनी नऊ वेळा झाकण उघडलं. यवतमाळला वस्तीतल्या प्रत्येक लग्नात मटणाचा हंडा बाबांकडे असायचा. शेवटची पंगत उठेपर्यंत स्वतः बसायचे नाहीत. तो हंडा चारशे माणसांचा, हा दोघांचा. मी बोलले. जरा जास्तच बोलले.

सोम. ९
झाकण सुतळीने बांधून खराडीला ऑफिसला गेले. दिवसभर फोन नाही. परत आले तर बाबा टीव्हीसमोर, टीव्ही बंद. "काहून बांधलं वं? मी काय मांजर हाये?" ताटातले दोन चमचे, तेवढेच.
कुकर मात्र काठोकाठ. शुक्रवारी, रविवारी अर्धा रिकामा झाला होता, आणि मी काही तेवढं खात नाही. विचारलं. "मीठ पायत होतो." दुपारनंतर दर वेळी वाटीभर.
म्हणजे मी त्यांचं जेवणच बांधून गेले होते. फार लाज वाटली.

मंगळ. १०
सुतळी फेकली. आज मीठ मुद्दाम घातलं नाही. "बाबा, मीठ तुम्ही पाहा. तीनच्या आधी चमचा नाही, कच्चं असतं." साडेतीनला फोन, "बरोबर हाये." साडेचारला, "बरोबर हाये." साडेपाचला पण.
आत मिठाचा एक कण नव्हता. चव गेली आहे हे माहीत होतं, इतकी गेली असेल असं वाटलं नव्हतं. जिन्यात जाऊन थोडी रडले. मग कॉल होता.

गुरु. १२
लाइट गेली नाही, नवल. अर्धा कुकर संपला. ताट वाढलं की नकोच. आता वाढत नाही. मीठ माझ्यापुरतं वरून घेते.

शनि. १४
रोजमेरी शेवटी ऑनलाइन मिळाली; बाबांनी काड्या निवडून कचऱ्यात टाकल्या. "हे झाडूचं काय टाकलं?"

सोम. १६
उद्या वजन. बाबा सकाळीच विचारत होते, खिशात काय काय ठेवता येईल. यवतमाळच्या घराच्या किल्ल्यांचा जुडगा काढून हातात तोलून पाहिला. मी हसले. ते हसले नाहीत.
चारला फोन. मीटिंगमध्ये होते, उचलला.
"काय वं, मीठ टाकलं नाई काय?"
"कमी आहे?"
"कमी काय, नाईच. हप्ताभर असंच खाऊ घातलं काय मले?"
मिठाचा डबा दुसऱ्या कप्प्यात आहे, म्हटलं.

मंगळ. १७
कुकर लावूनच निघालो. दारात चप्पल घालून बाबा परत आत गेले. "मीठ मी टाकलं हाये. आल्यावर तू हात लावू नको."
रांगेत बसून लिहिते आहे. पुढे दोघं. बाबांचा खिसा लोंबतो आहे. आत्ता त्यांनी जुडगा काढून माझ्या मांडीवर ठेवला.
"खरं किती हाये ते पाहू दे."
पुढे एकच जण आहे.